हिमालयनवर जोडीनं कन्याकुमारी : सामान पेट्यांत की पिशव्यांत?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की मी आणि बायको रॉयल एनफिल्डच्या हिमालयन मोटरसायकलवर (४११, बीएस ६) कन्याकुमारीला निघतोय. सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, मग सेलम-मदुराईवरून खाली. रजा उरली तर केरळचा किनारा धरून वर, नाही तर आल्या वाटेनं परत. रोज साडेतीनशेच्या वर रेटायचं नाही आणि अंधार पडायच्या आत लॉज गाठायचा, हे घरातल्या तहाचं पहिलं कलम. दुसरं कलम : बायको पाठीवर सॅक घेऊन बसणार नाही.

तुळजापूर, पंढरपूर, फार तर बदामी, एवढ्यासाठी एक सॅक कॅरियरवर बंजीनं (हुकाच्या रबरी दोरीनं) आवळली की भागतं. आता दोघांचं दोनेक आठवड्यांचं सामान आहे. पर्याय तीन दिसतात. बाजूच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. नाही तर कापडी सॅडल बॅगा. नाही तर मागे एकच मोठी टॉप बॉक्स आणि तिच्यात मावेल तेवढंच न्यायचं. पेट्या, त्यांची फ्रेम आणि फिटिंग मिळून दुकानदारानं जो आकडा सांगितला त्यात आम्ही दोघं विमानानं जाऊन येऊ. कापडी घ्यावं तर पावसाची आणि चोरीची धास्ती.

लांब जाऊन आलेल्यांनी लिहा. ब्रँडवरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथं येऊन वाचेन.

शेंगाचटणी

चटणी किती किलो नेणार ते आधी लिहा, मग लिटर काढू.

सातरस्ता_सिग्नल

पेटी विरुद्ध पिशवी! भाजक्या शेंगा घेऊन कोपऱ्यात बसलोय. चालू द्या मालक.

स्पोकवाला

पेटी की पिशवी हे नंतर. आधी वजन किती आणि ते गाडीवर कुठं बसणार ते बघा.

हिमालयन पेट्रोलसकट १९९ किलोची. मॅन्युअलमध्ये माणसं आणि सामान धरून गाडीनं जास्तीत जास्त किती वजन उचलावं ते दिलेलं असतं. त्यातून गाडी वजा करा, तुम्ही दोघं वजा करा, उरेल त्यात फ्रेम, पेट्या आणि कपडे. अ‍ॅल्युमिनियमची जोडी फ्रेमसकट रिकामीच दहा-पंधरा किलोच्या घरात जाते. म्हणजे एक बनियन भरायच्या आत रेशन संपत आलं. कापडी जोडी त्याच्या निम्म्याहून कमीत आटपते.

आता जागा. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे आणि उंचावर ठेवलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. पुढचं हलकं झालं की वेगात हँडल डुलायला लागतं आणि वळणावर गाडी बाहेर पळते. म्हणून जड ते खाली, आणि जमेल तेवढं मागच्या सीटच्या जवळ. आपले दूधवाले बघा. किटल्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या भरलेल्या, आणि गडी मंगळवेढा रस्त्यावरचे खड्डे चुकवत खुशाल गाणं म्हणत जातो. त्याच किटल्या मागे कॅरियरवर एकावर एक रचल्या तर गल्लीच्या तोंडापर्यंत जाणार नाही. म्हणून एकटी टॉप बॉक्स घेऊन तिच्यात सगळं कोंबणं हा तुमच्या तिन्हीतला सगळ्यात वाईट पर्याय.

आणि पडणं धरून चाला. रस्त्याकडेच्या मुरमात पाय टेकवला आणि गाडी पुढं सरकली तर पोटरी पेटीच्या धारेत सापडते. कापड दबतं, पत्रा दबत नाही.

माझं मत : कापडी, पण फ्रेमसकट. फ्रेमशिवाय टाकल्या तर उजवी बॅग सायलेन्सरवर टेकणार, कारण हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. जळका वास येईपर्यंत चालवणाऱ्याला कळत नाही.

पेटीमास्तर

स्पोकवाला यांचं वजनाचं गणित मान्य, निष्कर्ष अमान्य.

धागाकर्ते लडाखला चाललेले नाहीत. त्यांचा सगळा रस्ता चौपदरी, रोज लॉज, आणि वाटेत देवळं. मदुराईला मीनाक्षी मंदिरात मोबाइलसुद्धा आत नेता येत नाही. दोन हेल्मेट, दोन जॅकेट, कॅमेरा, बूट, हे सगळं घेऊन रांगेत उभं राहणार का? पेटी असली की आत टाकायचं, कुलूप लावायचं, चालू पडायचं. हंपीत तर दिवसभर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरत-चढत राहायचं असतं. कापडी बॅगेला कुलूप लावलं तरी ब्लेडचा एक फटकारा पुरतो.

पाऊस लागला तर पेटीला काही करावं लागत नाही. कापडीवाले पुलाखाली थांबून रेनकव्हर चढवत बसतात, तोवर आम्ही पुढच्या गावात चहा पीत असतो.

पडल्यावर पाय अडकतो हे खरं, पण कच्च्या रस्त्यावर. होस्पेट-चित्रदुर्ग रस्त्यावर मुरमात पाय टेकवायची वेळ किती येणार?

स्पोकवाला

@पेटीमास्तर, मुरूम दर ढाब्यासमोर असतो हो. :)

चोरीचं म्हणाल तर मोठ्या देवळांबाहेर सामान ठेवायची सोय असते. हेल्मेट आणि जॅकेटच्या बाह्यांतून एक बारीक केबल लॉक ओवून गाडीला अडकवलं की काम होतं. चोराला तुमच्या वापरलेल्या मोज्यांत रस नसतो. जे खरंच किमती आहे ते टँक बॅगेत (पेट्रोलच्या टाकीवर बसते ती) ठेवा आणि ती खांद्याला लावून सोबत न्या.

अजून एक. पेट्या बऱ्याचदा हँडलपेक्षा रुंद होतात. हँडल निघालं म्हणजे गाडी निघाली, ही आपल्या हाताची सवय. विजापुरात गोलघुमटाकडे जाताना रिक्षांमधून गाडी काढून बघा.

भटकभवानी

इतके प्रतिसाद झाले आणि मागे बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही. छान.

मी चालवतेही आणि मागेही बसते, म्हणून लिहिते. दुकानात पेट्या किंवा बॅगा रिकाम्या गाडीवर लावून दाखवतात. तशा अजिबात घेऊ नका. बायकोला मागे बसवा, पाय फुटरेस्टवर ठेवायला सांगा आणि पंधरा मिनिटं बसू द्या. पेटीची पुढची कड पोटरीला किंवा टाचेला लागते का ते तेव्हाच कळतं. सामान पुढे सरकवावं हे स्पोकवाला यांचं म्हणणं बरोबर, पण किती पुढे ते मागच्या माणसाचे पाय ठरवतात. कापडी बॅगेतही पुढच्या कोपऱ्यात काय भरलंय ते बघा. तिथं पान्यांची पिशवी असेल तर शंभर किलोमीटरनंतर नडगीला कळतं.

चढणं-उतरणं हा वेगळाच विषय. सीटवर आडवी बॅग, मागे टॉप बॉक्स आणि बाजूला दोन पेट्या, म्हणजे मागच्या बाईनं चिलखत घालून किल्ल्याच्या खिंडीत शिरायचं! तिच्या मागे छोटी टॉप बॉक्स, पुढच्या बाजूला गादी लावलेली, एवढंच ठेवा. पाठीला टेकू मिळतो आणि दिवसाच्या शेवटच्या टप्प्यात त्याची किंमत कळते. त्या बॉक्समध्ये जड काही नको. रेनकोट, पाणी, खाऊ, बस्स.

आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. दिवाळीनंतर तमिळनाडूत जाताय. आपल्याकडे तेव्हा आभाळ मोकळं असतं, तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. त्यांच्या वर्षाच्या पावसातला मोठा वाटा तेव्हाच पडतो. म्हणजे तुमचं सामान भिजणार हे धरूनच निवड करा.

जुळेसोलापूरकर

भटकभवानी ताई, पावसाचं खरंच डोक्यात नव्हतं, आम्ही सोलापूरचे. ही वाचते आहे शेजारी बसून. चिलखतावर हसली आणि "या ताईंचं ऐका" असा हुकूम सुटला आहे.

शेंगाचटणी

धागा इथंच संपला म्हणायचा. हुकूम आला.

बुलेटबापू

तुम्हा पोरांचं लई कौतुक वाटतं. आमच्या वेळी पेटी नव्हती, पिशवी नव्हती. खाकी कॅनव्हासच्या दोन थैल्या, जुन्या बाजारातल्या, आणि सीटवर गुंडाळलेली सोलापुरी चादर. चादर दिवसा गादी, रात्री पांघरूण, आणि देवळाच्या ओवरीत झोपायचं असलं तर अंथरूण. पाऊस आला की ताडपत्रीचा तुकडा टाकायचा आणि सुतळीनं आवळायचं. टाकी लोखंडी, डोकं पण लोखंडी.

सातरस्ता_सिग्नल

बापू, आताची मुलं चादर घेऊन गेली तर लॉजवाला विचारेल, विकायला आणलीय का?

बुलेटबापू

मग विकून टाकायची. पेट्रोल सुटतं.

टाकेघालतो

आमचं ताडपत्री आणि सीट कव्हर शिवायचं काम आहे, सोलापुरातच. दुकानाची जाहिरात करत नाही, पण कापडाबद्दल इथं बरंच मोघम चाललंय म्हणून लिहितो.

बॅगेवर १००० डेनियर लिहिलं म्हणजे ती पाणी धरणारच असं नाही. डेनियर हे धाग्याचं वजन. जाड धागा घासायला चिवट, पण पाणी अडवतो तो आतून दिलेला लेप. तो लेप उन्हातान्हात काही वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग तीच बॅग गाळणी होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. गाडी उन्हात उभी राहत असेल तर बॅग घरात काढून ठेवा, आयुष्य वाढतं.

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा कापडातून नाही, शिलाईतून. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ. म्हणून चांगल्या ड्राय बॅगेत शिलाई नसतेच. पीव्हीसीचं कापड गरम हवेनं एकमेकांना चिकटवतात, ट्रकची ताडपत्री जोडतात तसंच. तोंडाला चेन नसते. तोंड दाबून हवा काढायची, तीन घड्या घालायच्या आणि दोन्ही टोकं क्लिपनं अडकवायची. दोन घड्या घातल्या तर पाणी चढतं, तीन हव्यातच.

बाकीच्या बॅगा तपासायच्या तर आतून उलटी करून बघा. शिलाईवर टेप आहे का? दोरा सुती तर नाही ना? सुती दोरा ओलीनं कुजतो, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा हवा. पट्टा बॅगेला जिथं जोडलाय तिथं नुसती चौकट मारलीय की चौकटीत फुली? पट्टा खालपर्यंत फिरवून घेतलाय की चार बोटांवर संपवलाय? बॅग फाटते ती तिथूनच. चेन मोठ्या दाताची घ्या, दहा नंबर म्हणतात ती. पाच नंबरची चेन धुळीनं दोन दिवसांत अडते. अडलीच तर मेणबत्ती घासा, तेल लावू नका, तेलावर धूळ बसते.

रेनकव्हरबद्दल : हायवेवर त्यात वारा भरतो आणि फुगून उडतं. नाही उडालं तर खालच्या खोळीत पाणी साचतं आणि बॅग त्यात बसून राहते. त्यापेक्षा आतून अस्तर म्हणून पातळ ड्राय बॅग घाला. बाहेरची बॅग भिजू द्या की, काय बिघडतंय?

होटगीकर

@टाकेघालतो अण्णा, हे सगळं माहीत असेल तर तुम्हीच बॅगा का शिवत नाही? आपल्या गावात युनिफॉर्म शिवणारे एवढे कारखाने. एकेकाकडे मशिनींची रांग असते.

टाकेघालतो

शर्ट शिवायच्या मशिनीवर चार पदरी पट्टा ठेवला की सुई मोडते. त्याला सीट कव्हरची जड मशिन लागते, वरचा पाय पण कापड पुढं ढकलतो ती. ती आमच्याकडे आहे. पण सॅडल बॅग नुसती शिवून होत नाही. तिचा आकार टिकायला आत प्लास्टिकचा पत्रा, मागच्या बाजूला उष्णता अडवणारा थर, बकलं उन्हात न तडकणारी, हे सगळं पाच-दहा नगांसाठी आणायला परवडत नाही. आतली अस्तराची ड्राय बॅग मात्र तुमच्या बॅगेच्या मापानं करून देऊ शकतो. तेवढं काम आमच्या हातचं आहे.

नियमवाचक

थोडं रुक्ष, पण लागणारं. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीवरच्या हलक्या पेटीची मापं घालून दिली : लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी, उंची ५०० मिमी, याहून मोठी नको. ती मागच्या सीटच्या जागेवर बसवली तर गाडीवर फक्त चालक, दुसरा माणूस नाही. धागाकर्ते जोडीनं चाललेत, म्हणजे टॉप बॉक्स सीटच्या मागेच यायला हवी, सीटवर नाही.

दुसरं, मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची सोय आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण हवं, हा नियम जुनाच आहे. बरेच फिटिंगवाले फ्रेम बसवताना सारी गार्ड काढून हातात देतात. गार्ड ठेवून बसणारी फ्रेम मागा. साडी असो नाही तर ओढणी, चाकात जायला एक क्षण लागतो.

तिसरं, नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत. सामान बांधून झालं की संध्याकाळी दिवे लावून मागे वीस पावलं जाऊन बघा.

पेटीमास्तर

नियमवाचक, धन्यवाद, वाचनखूण साठवली.

मागचा मुद्दा अर्धा राहिला होता. वाऱ्याचं कुणीच बोललं नाही म्हणून आमच्याच बाजूविरुद्ध लिहितो, हलकं घ्या. नागरकोईलच्या अलीकडे आरळवायमोळीची खिंड लागते, मुप्पंदलच्या पवनचक्क्या तिथंच. पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जोराचा वारा तिथं जून ते सप्टेंबरमध्ये असतो, तुम्ही जाल तेव्हा तितका नसेल, तरी बाजूनं झोत आला की सपाट पेट्यांवर तो शिडासारखा बसतो. वेग कमी ठेवा. गिव्हीसारखी कंपनीसुद्धा आपल्या पेट्या लावून ताशी १२० च्या वर जाऊ नका म्हणते, आणि ते मोठ्या गाड्यांना धरून.

सातरस्ता_सिग्नल

हिमालयन ४११, दोघं जण, पेट्या भरलेल्या, आणि १२० च्या वर? उतारावर, मागून वारा असताना, देवाचं नाव घेऊन. इनो घ्या कुणीतरी.

स्पोकवाला

खिक्क! हिमालयनच्या चेष्टेवर बंदी घाला हो.

चादरवाला_पोरगा

मला वेगळंच सांगायचंय. येताना गाडी रेल्वेनं का नाही पाठवत? कन्याकुमारी-पुणे एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. दोघं डब्यात झोपून या, आल्या वाटेनं परत येण्यात काय मजा? गाडी पार्सलला देताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि विम्याच्या प्रती लागतात, आणि पॅकिंग करून द्यावं लागतं. तेव्हा पेट्या असतील तर त्या उतरवा, नाही तर चढवताना-उतरवताना पहिला दणका पेटीलाच. कापडी बॅगा काढून डब्यात सोबत नेता येतात.

फक्त बुकिंगच्या आधी पार्सल ऑफिसला जाऊन विचारा, मोटरसायकल त्याच रेल्वेनं येईल का ते. तुम्ही पोचता आणि हिमालयन मागाहून निवांत येते, असं होऊ शकतं.

शेंगाचटणी

चटणीवर कुणी गंभीरपणे बोलतच नाही म्हणून मीच बोलतो. कडक भाकरी आणि चटणी नेणार असाल तर भाकरी उभी लावा, डब्यात. बाजूच्या बॅगेत टाकली तर होस्पेटला चुरा खाल. डबा टॉप बॉक्समध्ये. तीच एक जागा जिथं हलकं सामान चालतं असं वर ताई म्हणाल्यात. बघा, मी धागा वाचतो.

भटकभवानी

अनुमोदन. भाकरी हे अधिकृतरीत्या हलकं सामान घोषित.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळं सामान पलंगावर मांडलं आणि वजनकाट्यावर घातलं. कपडे वाटले त्याहून हलके निघाले. जड निघालं ते असं : माझे पाने आणि ट्यूब, कॅमेरा, बायकोचे चपलांचे तीन जोड (एकावर तडजोड झाली), चार्जरांची गुंतवळ, आणि सासूबाईंनी दिलेली औषधांची पेटी, जिच्यात एक छोटा दवाखाना चालेल.

सध्याचा कल : कापडी सॅडल बॅगा फ्रेमवर, आत मापाच्या ड्राय बॅगा, मागे प्लास्टिकची छोटी टॉप बॉक्स पाठीच्या गादीसकट, आणि टँक बॅग. स्पोकवाला दादा, ट्यूब किती न्याव्यात? दोन्ही चाकांच्या वेगळ्या?

स्पोकवाला

पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. जागा वाचवायची तर पुढची २१ ची ट्यूब एकच न्या. अडल्या वेळी ती मागे कोंबून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. उलटं जमत नाही. पण तुम्ही दोघं आणि सामान, सगळा भार मागच्या चाकावर, आणि पंक्चरही बहुधा मागेच होणार. एवढं वजन घेऊन फिरताय तर मागची वेगळी ट्यूब नेलेली बरी. दोन टायर लिव्हर आणि हातपंप. पाने आणि ट्यूब डाव्या बॅगेच्या तळाला, उजवीकडे त्याच वजनाचं दुसरं काही. हातानं उचलून अंदाज घेऊ नका, काट्यावर घाला.

टँक बॅग चुंबकाची चालेल, हिमालयनची टाकी लोखंडी आहे. लावायच्या आधी टाकी पुसायची, मध्ये धूळ राहिली तर रंग घासतो. भरल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, हॉर्न दाबला जातो का ते कळेल.

आणि निघायच्या आधी मागचा शॉकअप घट्ट करा. गाडीच्या पान्यांत हुकासारखा पाना असतो तो त्यासाठीच. टायरमधली हवा दोघांसाठीची, मॅन्युअलमध्ये दिलेली. शॉकअप तसाच ठेवला तर मागचं बसतं, पुढचं उठतं, आणि समोरून येणारे सगळे तुम्हाला अप्पर-डिपर मारत राहतात, कारण तुमचा हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत.

होटगीकर

बंजीबद्दल एक राहिलं. टॉप बॉक्सवर वरून काही बांधायचं झालं तर हुकाची बंजी वापरू नका. ताणलेला हुक सुटला तर थेट डोळ्यावर येतो, आणि सैल झालेली दोरी गाडीच्या चेनमध्ये जाते. पट्टे वापरा, दाबून अडकायच्या बकलचे. उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका, गाठ मारून खोचा. रॅचेटचे पट्टे ट्रकला ठीक, आपल्या बॅगा त्यानं चिरडतात.

पेटीमास्तर

ठीक आहे, हरलो. पण पाच वर्षांनी पेट्या घेऊन हिमाचलला निघाल तेव्हा मला व्यक्तिगत निरोप करा.

स्पोकवाला

हिमाचलला तर पेट्या नकोच! फ्रेमला तडा गेला तर गावातला वेल्डर सळई जोडून देतो, अ‍ॅल्युमिनियम फाटलं तर तो हात वर करतो.

पेटीमास्तर

आता हा वेगळा धागा.

टाकेघालतो

जुळेसोलापूरकर, अस्तराच्या बॅगांचं माप घ्यायला सॅडल बॅगा आल्या की घेऊन या. रिकाम्या नकोत, भरून आणा. भरलेली बॅग फुगते आणि खालचे कोपरे गोल होतात, रिकाम्या मापानं केलेलं अस्तर मग ताणतं. रंग पिवळा किंवा भगवा देतो, काळा नको. काळ्या अस्तरात रात्री लॉजवर काळा मोजा सापडत नाही.

नवा_सभासद_मोहोळ

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. धागा सगळा वाचला. माझ्याकडं स्प्लेंडर हाय. बीएस ६. हंपीपर्यंत जायलोय एकटाच. कापडी बॅगा चालतील का? फ्रेम मिळत न्हाई तिला.

होटगीकर

मजेत चालतील. स्प्लेंडरला डावीकडे सारी गार्ड असतं, बॅग त्यावर टेकते. प्रश्न उजवीकडचा, तिथं सायलेन्सर. कोणत्याही ग्रिल-गेटवाल्याकडून सळईची एक साधी चौकट करून घ्या, मागच्या शॉकअपच्या बोल्टला आणि वर कॅरियरला धरणारी. बॅग सायलेन्सरपासून चार बोटं दूर राहिली पाहिजे, खड्ड्यात आपटल्यावरसुद्धा. इंडिकेटर झाकले जात असतील तर पट्टी लावून मागे सरकवा. एकटेच आहात, तर उरलेलं सामान ड्राय बॅगेत मागच्या सीटवर आडवं बांधा, कॅरियरवर नको.

फक्त पक्कं वेल्डिंग गाडीवर करू देऊ नका. जागेवर नुसते टाके मारून घ्यायचे, चौकट उतरवायची आणि खाली पक्कं करायचं. टाके मारतानाही बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा, बीएस ६ ला फ्युएल इंजेक्शन आहे, त्याचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडाला तर चौकटीपेक्षा तोच महागात जाईल.